त्रेसष्टावं पान

सिस्टर कुणाच्याही दंडाला हात लावण्याआधी स्वतःचे तळहात एकमेकांवर खसाखसा चोळून घ्यायच्या. "गार हातानंच माणूस निम्मं भितंय," त्या म्हणायच्या, "सुईचं नाव उगंच बदनाम." हात ऊबदार झाले की दंड धरायच्या, आणि समोरचा डोळे घट्ट मिटून घेतोय तोवर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "झालं. उठा."

पलूसच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्य उपकेंद्रातली नर्स म्हणून त्यांनी तीसेक वर्षं काढली. खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकात. बाकी सगळं जग त्यांना सिस्टर म्हणे, त्यांचे यजमानसुद्धा. यजमान फौजेतून निवृत्त होऊन उसाची शेती बघायचे, त्यांना सगळे हवालदार म्हणत. बायकोनंही त्यांना कधी दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जी माणसाला नावानं न ओळखता दुखण्यानं ओळखते. सिस्टर बाजारातून चालल्या की मिसरूड फुटलेल्या गड्याला हाक मारायच्या, "काय रं गोवर, लगीन कवा?" मी आष्ट्याहून पलूसला वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आलो त्या पहिल्याच महिन्यात मला कुत्रं चावलं. इंजेक्शनं सिस्टरांनीच दिली. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी 'कुत्रं चावलेले सर' झालो, तो कायमचा. माझ्या बायकोला त्यांनी माझी ओळख अशीच करून दिली होती. त्यांच्या डोक्यात गावोगावची हजारभर दुखणी तारीखवार लावून ठेवलेली असत, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. "रजिस्टर चुकंल," त्या म्हणायच्या, "मी न्हाई चुकायची."

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं त्या वाचनालयात यायला लागल्या. रोज सकाळी अकराला. काखेत एक जाडजूड कादंबरी, पर्समध्ये चष्मा आणि पाण्याची बाटली. कादंबरी त्यांना निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी भेट दिली होती. "सिस्टर, आयुष्यात एकदा तरी हे वाचलंच पाहिजे," असं आतल्या पानावर लिहून खाली सही केलेली.

कादंबरीचं नाव मी सांगत नाही. मराठीतली गाजलेली, अभिजात म्हणतात तशी आहे. तुमच्यापैकी ज्यांना ती मनापासून आवडली असेल त्यांना वाईट वाटायला नको. आणि ज्यांनी ती न वाचताच आवडली म्हणून सांगितलं असेल त्यांना तर मुळीच नको, कारण मी त्यांच्यातलाच. अठरा वर्षं ग्रंथपाली केली, त्या कादंबरीच्या दोन प्रती माझ्या कपाटात होत्या, आणि मी तिसाव्या पानाच्या पुढे कधीच गेलो नव्हतो. पण कुणी विचारलं की सांगायचो, "वा! खाली ठेववत नाही."

सिस्टरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

"सर, तुमी वाचलीया न्हवं ही?"

"म्हणजे काय! दोन दिवसांत संपवली होती."

"दोन दिवसांत?"

"कळतच नाही हो, कधी संपते."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग "व्हय, छानच हाय," म्हणत खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटलं, पुस्तकात रमल्या. लोकांना पुस्तकात रमलेलं बघायची इतकी सवय झालेली असते की नुसतं पान समोर धरून बसलेला माणूस ओळखू येत नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पुस्तकात खूण म्हणून घातलेली औषधाची रिकामी पट्टी पुढे सरकतच नाही. त्रेसष्टाव्या पानाशी होती, ती तिथेच. सिस्टर रोज यायच्या, पहिल्या पानापासून सुरुवात करायच्या, एकच्या सुमाराला त्रेसष्टपर्यंत पोचायच्या. दुसऱ्या दिवशी परत पहिलं पान. शेजारी एक वही असे. मी सहज डोकावलो. लसीकरणाच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले होते: नाव, अंदाजे वय, कुणाचा कोण. कादंबरीतली सगळी माणसं त्यांनी ओळीनं लिहून काढली होती. नारायणराव, नरहरराव, नागोराव. तिघं एकाच वाड्यात राहणारे, तिघांच्याही बायकांना माहेरच्या नावानं आणि सासरच्या नावानं हाक मारणारी निरनिराळी माणसं. पन्नास पानं होऊन गेली तरी लग्नाच्या याद्यांची बैठक उठलेली नव्हती.

"केवढा अभ्यास चाललाय!" मी हसून म्हणालो.

त्यांनी वही पटकन मिटली. एखाद्यानं अंगावरचा व्रण झाकावा तशी.

मग एके दिवशी वाचनालयात आम्ही दोघंच असताना त्या माझ्या टेबलाशी आल्या. वही माझ्यापुढे ठेवली. "सर, माझी परीक्षा घ्या."

"कसली?"

"त्रेसष्ट पानांची. तुमी दोन दिवसांत वाचलीया, तुमाला ठावं आसंल सगळं. इचारा मला."

मला हसू आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून ते ओठातच राहिलं. त्या खुर्चीच्या अगदी टोकाशी बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळत होत्या. मी वहीवर नजर टाकली आणि सुचेल ते विचारलं.

"नरहरराव कोण?"

त्या हळूच म्हणाल्या, "धाकटा दीर... म्हंजे थोरलीचा धाकटा दीर. नारायणरावांचा सख्खा भाऊ."

वहीत तसंच लिहिलं होतं. पण तिसाव्या पानापर्यंत वाचलेल्याला जेवढं आठवायचं तेवढंच मला आठवत होतं, आणि माझ्या डोक्यात नरहरराव हा नारायणरावांचा मुलगा होता. आता गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण दोन दिवसांत कादंबरी संपवणाऱ्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, "नाही हो सिस्टर. मुलगा. थोरला मुलगा."

त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पडला. ही अलंकारिक भाषा नाही. मी प्रत्यक्ष पाहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि वहीतली ती ओळ खोडली. रेघ तिरकी होऊन दोन ओळींवरून गेली.

"बरूबर. माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. मग खाली बघत, "माज्या आईचं आसंच सुरू झाल्तं सर. पयल्यांदा नाती इसरायला लागली. जाऊ कोण, नणंद कोण. मग आमची नावं. शेवटची तीन वर्सं मला म्हणायची, 'बाई, तुमी कुठनं आलासा?' मी तिची सगळ्यात धाकटी लेक. रोज तिला न्हाऊ घालायची मी."

"अहो, एका नावावरून काय..." असं काहीतरी पुटपुटलो.

"एका नावावरनं न्हाई. दुधाखालचा ग्यास तसाच ऱ्हातोय. परवा कुंडलला जायचं आन् मी तासगावच्या गाडीत बसले. म्हटलं, डोकं तपासून बगावं. सगळं जग वाचतंय आसलं पुस्तक घ्यावं, उमगलं तर आपण बरं हाय. तुमाला दोन दिवस लागलं. मला दोन म्हैनं झालं, त्रेसष्ट पानं पार हुईनात. वाचते ते डोक्यात ऱ्हातच न्हाई."

निघताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हवालदारांना बोलू नका." तो हात बर्फासारखा गार होता.

एक वाजता वाचनालय जेवणासाठी बंद व्हायचं. मी दाराला आतून कडी लावली, डबा तसाच ठेवला आणि कपाटातली आमची प्रत काढून पहिल्यापासून वाचायला बसलो. एक्केचाळिसाव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: नरहरराव, नारायणरावांचे धाकटे बंधू. सिस्टर बरोबर होत्या. मी माझी लाज राखायला त्यांच्या डोक्यातलं बरोबर उत्तर खोडायला लावलं होतं. आणि आणखी सांगतो. त्रेसष्टाव्या पानापर्यंत पोचेतो मला तीन डुलक्या लागल्या. मधली वीस पानं वाचून काय झालं असं कुणी विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. मी जाऊन सांगायला हवं होतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ असं करत आठवडा घालवला. लाज आणि भीती ह्यांतलं जास्त काय होतं ते आता आठवून ठरवता येत नाही.

शेवटी हवालदारच आले. दारात चप्पल काढताना त्यांचा तोल गेला, भिंत धरली. एरवी ताठ चालणारा माणूस.

"सर, सिस्टरनं स्वयपाक सोडला," ते म्हणाले. "ग्यासच्या जवळ जाईना झालीया. भाकरी मी थापतोय, ते आसू द्या. पर दाराम्होरं उभी ऱ्हाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याची नावं पुटपुटती. चुकलं की रडती. मिरजंला दाखवू म्हटलं तर म्हणती, 'मला न्यायचं न्हाई, तितं न्हेलं की खरं हुतंय.' हितं काय घडलं का?"

मी त्यांच्याबरोबर तसाच निघालो. मोटारसायकलवर मागे बसून सांगायची वाक्यं मनात जुळवत गेलो.

सिस्टर सोप्यात जमिनीवर बसल्या होत्या. मला बघून पटकन म्हणाल्या, "कुत्रं चावलेले सर." बरोबर आलं म्हणून त्यांना झालेला आनंद बघवत नव्हता.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. कादंबरी मी वाचलेली नव्हती. दोन दिवस वगैरे सगळं खोटं होतं. नरहरराव भाऊच होता, मुलगा नव्हे. तुम्ही बरोबर होता. पुस्तक मलाही समजत नाही आणि ते भयंकर कंटाळवाणं आहे.

इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मला अरे-तुरे केलं.

"आरं, मी मरत हुते रं! दोन म्हैनं रोज मरत हुते! तू दोन दिवसांत वाचलीस म्हणून रोज हितनं रडत तितवर यायची, आन् तितनं रडत हितवर!"

हवालदार दारात उभे होते. त्यांना पुस्तकाचं कसलं प्रकरण ते काहीच माहीत नव्हतं, पण मधे पडायचं नाही एवढं कळलं. मी मान खाली घालून बसलो. सिस्टर उठून आत गेल्या, कादंबरी घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर आपटली.

"वाच. माज्याम्होरं. मोठ्यांदा."

मी वाचायला लागलो. याद्यांची बैठक. लोड, तक्के, पानाची तबकं, तबकांवरची नक्षी, नक्षी काढणाऱ्या कारागिराचं घराणं. चौथ्या पानाला मला जांभई आली. मी ती तोंडातच दाबली, पण डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरांनी बोट वर केलं, "एक." सातव्या पानाला दाबता आली नाही. "दोन." तेवढ्यात दारातून मोठ्ठा आवाज आला. हवालदार चौकटीला टेकून उभ्याउभ्याच पेंगले होते आणि त्यांचं डोकं दारावर आपटलं होतं.

सिस्टर हसायला लागल्या. दोन महिन्यांचं अडकलेलं हसू होतं ते. हसता हसता पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आवं, पुस्तकच आजारी हाय की! माजं डोकं न्हाई!"

इथे थांबावं असं मला फार वाटलं. आम्हा तिघांनाही वाटलं. हवालदार चहा ठेवायला उठलेसुद्धा. सिस्टर म्हणत होत्या, "म्हंजे मी बरी हाय. मिरजंला जायचं कारण न्हाई." एका खोट्यानं त्यांना आजारी पाडलं होतं, आता दुसऱ्यानं बरं करता आलं असतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "सिस्टर, पुस्तक कंटाळवाणं आहे हे खरं. पण गॅस पुस्तकानं चालू ठेवला नाही. तासगावच्या गाडीतही पुस्तकानं बसवलं नाही."

चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आतून आला. सिस्टरांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. मला वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढतील.

"तुमी येणार आसला तर जाऊ," त्या म्हणाल्या.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही तिघं बाकावर ओळीनं बसलो होतो. रक्त घ्यायला कोवळी नर्स आली. सिस्टरांनी दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पाहिलं, त्यांनी डोळे मिटले होते. हवालदार सीमेवर किती वर्षं होते मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी पाण्याची बाटली चार वेळा उघडली आणि एकदाही पाणी प्यायले नाहीत.

आत डॉक्टरांनी सिस्टरांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, मशीनमध्ये डोकं तपासलं. दोन फेऱ्यांनंतर निकाल सांगितला. सिस्टरांना जी भीती होती तेच होतं. सुरुवात होती. औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. नर्ससारखं, मधेमधे मान हलवत. मग एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, एक कादंबरी मला कळत नव्हती. ती ह्यामुळं, का कादंबरीच तशी हाय?"

डॉक्टरांनी विचार केला. "पुस्तकाचं मला नाही सांगता येणार," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर स्टँडवर आम्ही चहा घेतला. सिस्टरांनी चहा संपवला, कप नीट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "एक बरं झालं. आता जागा थोडी हाय म्हटल्यावर आसलं नारायणराव-नरहरराव कशाला भरायचं? मला म्हाईत असलेली माणसं काय कमी हाईत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कादंबरी वाचनालयाला देऊन टाकली. औषधाची पट्टी त्रेसष्टाव्या पानातच होती. "ठेवा. पर कुणाला छान हाय म्हणून सांगू नका. वाचलं तर वाचलं म्हणा, न्हाई तर न्हाई." तेव्हापासून मी तसंच सांगतो. लोक जरा हिरमुसतात.

पुढची दोन वर्षं त्या पलूसमध्येच होत्या. भीती घरात होतीच, पण तिनं जागा बदलली. सिस्टरांची हळूहळू ओसरली आणि हवालदारांना धरून बसली. एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला, सिस्टर घरात नाहीत. आम्ही दोघं दोन दिशांना धावलो. मी कालव्याकडे गेलो. पाण्यात बघायचं धाडस होईना. शेवटी त्या सापडल्या उपकेंद्राच्या पायरीवर. रविवार होता, दाराला कुलूप. चिडलेल्या होत्या. "कुलूप कुणी लावलं? माणसं ताटकळत्याली." हवालदार मागून आले, त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि तोंडावर टॉवेल धरून रडले. सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मला विचारत होत्या, "ह्यांना काय हुतंय?"

त्यानंतर साताऱ्याहून त्यांची मुलगी आली. ती तिथे शाळेत शिकवते. आईवडलांना घेऊन गेली. जाताना गाडीत सिस्टरांना पुढची सीट हवी होती, ती मिळाली म्हणून त्या खूश होत्या. पलूसकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहायला हवं, हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

मी त्यांना भेटायला जायला वर्ष लावलं. कारणं खूप होती, खरं एकच होतं: त्या मला काय म्हणतील याची भीती. शेवटी ह्या हिवाळ्यात गेलो. मुलीचं घर उतारावर, गच्चीतून समोर अजिंक्यतारा दिसतो. हवालदार जिन्याच्या तोंडाशी थांबले. "अपेक्षा ठिवू नका सर," म्हणाले, आणि वर आले नाहीत.

सिस्टर गच्चीतल्या छोट्या बाकड्यावर उन्हात बसल्या होत्या. केस पांढरे, नीट विंचरलेले. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शोधलं नाही, आठवायचा प्रयत्न केला नाही, नुसतं पाहिलं. त्या नजरेत भीतीचा लवलेश नव्हता. जी होती ती सगळी माझ्याकडे होती.

"सिस्टर, मी..." एवढंच म्हणालो.

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग शेजारच्या जागेकडे. पदर गोळा करून मांडीवर घेतला, आणि बाकड्यावर थोडं पलीकडे सरकून मला उन्हात जागा करून दिली.